बेगमी कोणाकोणाची?

दरवर्षी मे महिन्याच्या शेवटी आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक यादी फिरते. टॉर्च, पॉवर बँक, तीन दिवस पुरेल इतकं पिण्याचं पाणी, आठवड्याची औषधं, कोरडा खाऊ, कागदपत्रं प्लॅस्टिकच्या पिशवीत, गाडीची टाकी भरलेली, इन्व्हर्टरच्या बॅटरीतलं पाणी तपासलेलं. यादी कुणी लिहिली हे कुणालाच माहीत नाही. एका वर्षी तर तिच्यात 'जाड ब्लँकेट' आणि 'बर्फ काढायचं फावडं' हेही होतं. म्हणजे मूळ यादी कुठल्यातरी हिमवादळाच्या देशातून भाषांतर होत होत रावेतपर्यंत पोचली होती. त्यावर दोन दिवस मीम फिरले आणि मग पाऊस सुरू झाला.

मला अशा याद्या आवडतात, कारण माझं कामच तसं आहे. ऑफिसात आम्ही दिवसभर 'हे बंद पडलं तर काय' याचाच विचार करतो. एक सर्व्हर गेला तर दुसरा, दुसरा गेला तर तिसरा, तिसराही गेला तर निदान लोकांना नीट निरोप तरी जायला हवा. त्यामुळे घराचीही व्यवस्था मी तशीच लावली आहे. पण गेली दोन-तीन वर्षं ही यादी वाचताना एक प्रश्न मनात राहतो. ही तयारी नक्की कोणाची आणि कोणासाठी? वादळ आलं तरी माझं घर नीट राहावं, एवढाच तिचा अर्थ असेल, तर तेवढं पुरेसं आहे का?

हा प्रश्न सोपा वाटतो, पण सोपा नाही. म्हणून जरा सावकाश जाऊ.

आपली वादळं

आपल्याकडे हिमवादळ नाही. आपली वादळं वेगळी. एप्रिल-मेमध्ये वळवाचा पाऊस येतो, सोबत सोसाट्याचा वारा. जुलै-ऑगस्टमध्ये मावळात धो धो पडतं, पवना धरण भरतं, विसर्ग वाढतो आणि नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरतं. आणि कधीतरी समुद्रावरून चक्रीवादळ येतं.

३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं आणि घाट चढून मावळ, खेड, जुन्नरपर्यंत आलं. लॉकडाऊनमुळे सगळे घरातच होते. झाडं पडली, विजेचे खांब आडवे झाले, शेतातली पॉलिहाऊस फाटली. पुणे जिल्ह्यात दोन माणसं गेली. चाकण ज्या खेड तालुक्यात येतं, त्याच तालुक्यात घराची भिंत पडून एक वृद्ध महिला गेली. हवेली तालुक्यात एक माणूस घरावरचे पत्रे उडू नयेत म्हणून ते धरायला गेला आणि त्यात त्याचा जीव गेला.

१७ एप्रिल २०२३ ची संध्याकाळ. रावेत-किवळे भागात अचानक वारा-पाऊस सुरू झाला. महामार्गाच्या सर्व्हिस रोडला काही माणसं आडोशाला थांबली होती. त्यांच्यावर होर्डिंगचा लोखंडी सांगाडा कोसळला आणि पाच जण गेले. पुढच्याच वर्षी, १३ मे २०२४ ला, घाटकोपरला पेट्रोल पंपावर होर्डिंग पडून १७ जणांचा मृत्यू झाला.

आणि २५ जुलै २०२४. पुण्यात रात्रभर पाऊस, खडकवासल्यातून विसर्ग, सिंहगड रोडच्या एकता नगरीत पहिल्या मजल्यापर्यंत पाणी, सैन्याला बोलवावं लागलं. त्याच पहाटे डेक्कनजवळच्या पुलाच्या वाडीत तीन तरुण अंडाभुर्जीची गाडी पाण्यातून बाहेर काढत होते. विजेचा धक्का बसून तिघेही गेले.

या सगळ्या घटना मी वर्तमानपत्रात वाचल्या आहेत, तुम्हीही वाचल्या असतील. मी त्या इथे एकत्र ठेवल्या आहेत, कारण आमच्या ग्रुपवरच्या यादीतल्या एकाही वस्तूने यातलं एकही माणूस वाचलं नसतं.

दोन याद्या

आमच्याकडे स्वयंपाकाला ज्या मावशी येतात, त्या सोसायटीच्या कंपाउंडमागे, नदीच्या बाजूला असलेल्या पत्र्याच्या खोल्यांत राहतात. मूळच्या लातूरकडच्या. नवरा चाकणला एका कारखान्यात कंत्राटी कामावर. पहाटे तळवड्यावरून जाणारी बस पकडतो आणि दोन शिफ्ट केल्या तर रात्री उशिरा परततो. एकदा मी सहज विचारलं, "मावशी, पावसाळ्याआधी तुम्ही काय काय तयारी करता?" त्या म्हणाल्या, "काय करायची दादा? पत्र्यावर दगडं ठेवायची, जुने टायर ठेवायचे. आधार, रेशन कार्ड, पासबुक, पोरांचे दाखले एका पिशवीत घालून ती खिळ्याला वर अडकवायची. पाणी आलं की आधी पोरं, मग पिशवी, मग गॅस. टीव्ही राहिला तर राहिला."

मी याद्या करणारा माणूस, त्यामुळे मला लगेच फरक दिसला. माझी यादी घरात थांबण्याची आहे. त्यांची यादी घरातून निघण्याची आहे. माझ्या यादीत साठा आहे: पाणी, खाणं, वीज, पैसे. त्यांच्या यादीत क्रम आहे: कोणाला आधी उचलायचं, काय सोडून द्यायचं.

साठा करायला जागा लागते आणि महिन्याला थोडंसं शिल्लक राहावं लागतं. चाकणच्या पट्ट्यात ज्यांनी काम केलंय त्यांना 'जस्ट इन टाइम' हा शब्द नवा नाही. सुटा भाग लागेल तेव्हाच लाइनवर यायचा, गोदामात पडून राहिलेला माल म्हणजे वाया गेलेला पैसा. मोटारी बनवायला ही पद्धत उत्तम आहे. पण त्या लाइनवरच्या कंत्राटी कामगाराचं घरही त्याच पद्धतीने चालतं. आजचा रोज आला की उद्याचा किराणा, एकच पाच किलोचा सिलिंडर, दोन हंडे पाणी. तिथे साठा नसतो, म्हणून धक्का सोसायची ताकदही नसते. कारखान्याने ही पद्धत विचार करून निवडली आहे. कामगाराच्या घराला निवडायला दुसरं काही नव्हतं.

मराठीत साठ्याला एक सुंदर शब्द आहे: बेगमी. माझी आजी पावसाळ्याची बेगमी करायची. गोवऱ्या, सरपण, कडुनिंबाचा पाला घातलेलं धान्य, कुरडया, सांडगे, लोणचं. कोकणात तिला आगोट म्हणतात. 'बेगम' म्हणजे ज्याला गम नाही असा, निर्धास्त. बेगमी म्हणजे निर्धास्तपणाची सोय. प्रश्न इतकाच की माझ्या निर्धास्तपणाच्या कुंपणात कोण कोण येतं.

'काळजी घ्यायला हवी होती'

पत्रे धरायला गेलेल्या माणसाची बातमी आली तेव्हा ग्रुपवर कुणीतरी लिहिलं होतं, "जिवापेक्षा पत्रे मोठे का? लोकांना अक्कलच नाही." अंडाभुर्जीच्या गाडीच्या बातमीखालीही तशाच कमेंट होत्या. लिहिणारे लोक वाईट नाहीत. पण त्यांनी केलेला हिशोब त्यांच्या स्वतःच्या घराचा आहे.

माझ्या घराचं छप्पर आरसीसीचं आहे. ते उडणार नाही. माझी खिडकी फुटली तर काच बसवायला मला एक फोन करावा लागेल. म्हणून 'वादळात घराबाहेर पडू नका' हा सल्ला मला अगदी बरोबर वाटतो. आणि तो बरोबरच आहे, पण उभ्या राहणाऱ्या घरासाठी. ज्याचं घर हाच सगळ्यात कच्चा भाग आहे, त्याला 'घरातच थांबा' म्हणणं म्हणजे काहीच न सांगणं. ज्याची हातगाडी हेच दुकान, हीच बचत आणि हाच विमा आहे, तो पाण्यात उतरतो तेव्हा तो बेफिकीर नसतो. त्याची आपत्कालीन तयारी तीच असते, आणि ती करताना तो मरतो.

म्हणून 'तयारी कमी पडली' हे वाक्य मी आता जपून वापरतो. त्यात कमतरतेचं माप एका माणसाच्या स्वभावाला लावलं जातं. खरं माप लावायला हवं ते त्याच्या भिंतीला, पत्र्याला आणि शिलकीला.

तरीही तयारी करावीच

इथे कुणी म्हणेल, "म्हणजे आम्ही टॉर्चसुद्धा घ्यायचा नाही का?" घ्यायचा. तयारी करणं हा स्वार्थ आहे असं मला वाटत नाही. उलट ते कर्तव्य आहे, आणि त्याचं कारण सरळ आहे. ज्याला शक्य आहे त्याने आपली सोय आधी करून ठेवली, तर वादळाच्या रात्री अग्निशमन दलाची गाडी, १०८ ची रुग्णवाहिका, पाण्याचा टँकर या सगळ्यांवरचा एक भार कमी होतो. माझ्या घरात वीस लिटर पाणी असेल तर सकाळच्या टँकरच्या रांगेत मी नसेन. तेवढी रांग दुसऱ्यासाठी लहान होईल. आधी पोटोबा मग विठोबा, ही म्हण या अर्थाने खोटी नाही.

पण हे कारण मान्य केलं की त्याच्यासोबत दोन गोष्टी आपोआप येतात.

पहिली, तयारी आधी करायची. हवामान खात्याचा पिवळा इशारा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे कृती करा. मे महिन्यात घेतलेलं पाणी, मेणबत्त्या, औषधं कुणाच्या वाट्याची नसतात, दुकानदार पुन्हा माल भरतो. लाल इशारा आल्यावर दुकानातली शेवटची सहा दुधाची पाकिटं उचलणं मात्र वेगळं. वस्तू तीच, पण पहिली बेगमी आणि दुसरी ओढाताण. मार्च २०२० मध्ये हा फरक आपण सगळ्यांनी किराणा दुकानाच्या दारात पाहिला आहे.

दुसरी, माझ्या तयारीने दुसऱ्याचं नुकसान व्हायला नको. हे ऐकायला फारच साधं वाटतं. आमच्या सोसायटीत तळघरात पाणी साचलं की पंप सुरू होतो. बिल्डरने त्या पंपाचा पाइप मागच्या गल्लीत सोडला होता. गल्ली उताराची. उताराच्या शेवटी पत्र्याच्या खोल्या. म्हणजे आमच्या गाड्या कोरड्या राहाव्यात म्हणून पाणी त्यांच्या चुलीपाशी जात होतं. कुणाच्याही मनात काही वाईट नव्हतं, पाइप तिथे होता इतकंच. तो पाइप पुढच्या रस्त्याच्या पावसाळी गटाराला जोडायला खर्च आला, मेंटेनन्समधून गेला. याला मी मदत म्हणणार नाही. हे आपलं ओझं दुसऱ्याच्या अंगावरून उचलून घेणं आहे. मदतीचा प्रश्न याच्या पुढे सुरू होतो.

होडी आणि कंपाउंड

१९७४ साली गॅरेट हार्डिन या अमेरिकन शास्त्रज्ञाने एक लेख लिहिला होता. श्रीमंत देश म्हणजे जीवरक्षक होडी आहे, असं त्याचं म्हणणं. होडीत पन्नास जण आहेत, फार तर आणखी दहा मावतील, आणि पाण्यात शंभर जण पोहत आहेत. सगळ्यांना घेतलं तर सगळेच बुडतील. म्हणून कुणालाच घेऊ नका. त्याच्या दोन वर्षं आधी पीटर सिंगर या तत्त्वज्ञाने अगदी उलट उदाहरण दिलं होतं. उथळ तळ्यात मूल बुडतंय, तुम्ही शेजारून चाललाय, कपडे खराब होतील म्हणून तुम्ही थांबाल का?

वादळाच्या रात्री सोसायटीचं गेट यातलं काय असतं, होडीचा काठ की तळ्याचा काठ?

आमच्या सर्वसाधारण सभेत हा प्रश्न जवळजवळ याच रूपात आला, अर्थात हार्डिनचं नाव कुणी घेतलं नाही. विषय होता जनरेटरचा. तो लिफ्ट, पाण्याचा पंप आणि जिन्यातले दिवे चालवतो. नवव्या मजल्यावर एक काका ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर असतात. त्यांच्या फ्लॅटला जनरेटरची एक लाइन द्यावी, हा ठराव दोन मिनिटांत मंजूर झाला. हात वर करायचीही गरज पडली नाही.

दुसरा ठराव होता लाल इशाऱ्याच्या रात्री क्लब हाऊस आणि तिथली स्वच्छतागृहं मागच्या खोल्यांतल्या बायका, मुलं आणि म्हाताऱ्या माणसांसाठी उघडी ठेवण्याचा. त्यावर दीड तास चर्चा झाली. आक्षेप फालतू नव्हते. काही झालं तर जबाबदारी कोणाची? रात्रपाळीला एकच वॉचमन आहे. महापालिकेची शाळा आहे, तिथे निवारा असतो, मग आपण कशाला? आणि दबक्या आवाजातला एक: एकदा आत आले की सवय होईल.

सभेत भोसरीच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले एक फोरमन काका होते. त्यांनी विचारलं, "नवव्या मजल्यावरच्यांना लाइन का दिली?" सेक्रेटरी म्हणाले, "ते मेंबर आहेत, मेंटेनन्स भरतात." काकांनी विचारलं, "तीन महिने थकवला असता तर रात्री मशिन बंद केलं असतं का?" कुणी हो म्हणालं नाही.

मला वाटतं, सगळा प्रश्न या एका ठिकाणी उघडा पडला. कॉन्सन्ट्रेटरवरच्या माणसाचा हक्क मेंटेनन्सच्या पावतीतून आलेला नव्हता. तो त्याच्या गरजेतून आणि आपण ती भागवू शकतो या वस्तुस्थितीतून आलेला होता. आणि गरज हे कारण एकदा मान्य केलं, की ते कंपाउंडच्या भिंतीपाशी का थांबावं, हे सांगायची जबाबदारी भिंत बांधणाऱ्यावर येते. "ते आपले आहेत" हे एकच उत्तर उरतं. आता 'आपले' हा शब्द बघा. मावशी वर्षाचे तीनशे दिवस आमच्या गॅससमोर उभ्या असतात. घराची किल्ली त्यांच्याकडे असते.

पण हे लिहितानाच मला त्यातली अडचणही दिसते. 'त्या आपल्याकडे काम करतात म्हणून' हे कारण तरी कितीसं चांगलं आहे? मग शेजारच्या खोलीतली बाई, जी कुणाकडेच काम करत नाही, तिचं काय? उपयोगी माणसांना निवारा द्यायचा, हा तर मेंटेनन्सचाच हिशोब झाला, फक्त वेगळ्या चलनात. माझ्यापुरतं उत्तर असं: नातं आपल्याला गरज दाखवतं, पण गरज नात्यावर अवलंबून नसते. मावशींमुळे मला त्या खोल्या दिसल्या. दिसल्यानंतर मोजणी मावशींपाशी थांबवता येत नाही.

ठराव एका वर्षासाठी, थोड्या मतांनी मंजूर झाला. वॉचमनच्या केबिनशेजारी चार्जिंगचा बोर्ड लागला. पुढच्या पावसाळ्यात एका रात्री अकरा माणसं आली, सकाळी पाणी ओसरल्यावर गेली. होडी बुडाली नाही. फरशी चिखलाने भरली, त्यावर ग्रुपवर तक्रार आली आणि ती योग्यच होती. मावशींच्या शेजारच्या आजी मात्र आल्या नाहीत. सामान चोरीला जाईल म्हणून खोलीतच खाटेवर पाय घेऊन बसून राहिल्या. मला वाटलं होतं की दार उघडलं की प्रश्न सुटेल. मागचं दार सांभाळायला कुणीतरी लागतं, हे त्या रात्री कळलं.

दिवे कुठे लागले

हे फक्त सोसायटीचं नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासमध्ये खरंखुरं हिमवादळ आलं. सुमारे ४५ लाख घरं आणि व्यवसाय अंधारात गेले. राज्याच्या अधिकृत मोजणीनुसार २४६ माणसं दगावली. कुणी थंडीने, तर कुणी ऊब मिळावी म्हणून बंद गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवल्यामुळे किंवा घरात कोळसा पेटवल्यामुळे, कार्बन मोनॉक्साइडने. माझा आतेभाऊ ऑस्टिनला असतो. ते चौघं तीन दिवस एका खोलीत सगळी पांघरुणं घेऊन बसले, फ्लशसाठी बर्फ वितळवला. त्याला सगळ्यात जास्त राग आला तो खिडकीतून दिसणाऱ्या दृश्याचा. शहराच्या मध्यावरच्या रिकाम्या उंच इमारतींत दिवे जळत होते आणि वस्त्यांत काळोख होता. तिथल्या विजेच्या वाहिन्यांची रचना तशी होती. पुन्हा तोच पाइप.

याच्या उलट एक उदाहरण आपल्याकडचं आहे आणि माझ्या वयाच्या लोकांना ते फारसं माहीत नसतं. २००६ च्या सुमारास राज्यात भारनियमन जोरात होतं. तेव्हा उद्योगांच्या सीआयआय या संघटनेच्या पुढाकाराने पुण्यात एक योजना आली. कारखान्यांनी मागणीच्या वेळी स्वतःचे जनरेटर चालवायचे, त्यामुळे वाचलेली वीज शहराला मिळायची आणि त्याचा जादा खर्च जास्त वीज वापरणाऱ्या ग्राहकांच्या बिलातून काढायचा. वीज नियामक आयोगाने तिला मंजुरी दिली. ही योजना आदर्श होती असं नाही. शहर उजेडात असताना खेड्यांत तासन्‌तास वीज नसायची, आणि पैसे देऊ शकणाऱ्यांनी अंधारातून सुटका करून घेतली असा आक्षेप घेता येतो. पण तिच्यातली एक कल्पना मला महत्त्वाची वाटते: माझ्याकडचा जनरेटर हा फक्त माझ्या सोयीची वस्तू नाही, सगळ्यांच्या तुटवड्यातला तो एक भाग आहे, आणि त्याचा खर्च वाटून घेता येतो.

शेणाचं घर

मराठी घरात मूल पहिली गोष्ट ऐकतं तीच मुळी आपत्कालीन तयारीची असते. चिमणीचं घर मेणाचं, कावळ्याचं शेणाचं. पाऊस येतो, कावळ्याचं घर वाहून जातं, तो चिमणीच्या दाराशी येतो, आणि ती बाळाची अंघोळ, बाळाचं जेवण अशी एकेक कारणं सांगत राहते. कुणाच्या घरी गोष्टीत दार शेवटी उघडतं, कुणाच्या घरी कावळ्याला तापल्या तव्यावर बसवतात आणि मूल हसतं.

लहानपणी आपण सगळे चिमणीच्या बाजूचे असतो. ती हुशार, नीटनेटकी, तयारीची. कावळा आळशी. पण त्याने घर शेणाचं का बांधलं, हे गोष्टीत कुठेच नाही. मेण कुठे मिळतं आणि केवढ्याला? आणि चिमणीची कारणं पुन्हा वाचली तर लक्षात येतं की ती खोटी नाहीत. बाळाला खरंच अंघोळ घालायची असते. आमच्या सभेतले आक्षेपही खरे होते. बंद दारामागे बहुतेक वेळा खरीच कारणं असतात, म्हणून तर ती इतकी टिकतात.

सरकारचं काय?

शेवटचा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटतो. सोसायट्या दारं उघडायला लागल्या तर महापालिका निवांत होईल. निवारा, पूररेषा, होर्डिंगची तपासणी ही सरकारची कामं. २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा त्याचसाठी आहे. हे अगदी खरं. किवळ्याच्या आडोशाला थांबलेल्या माणसांना कुठलाही शेजारी वाचवू शकत नव्हता. तो सांगाडा वेळेत कुणीतरी तपासायला हवा होता. पूररेषेचंही तसंच. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. मे २०२५ मध्ये चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या रेषेतले ३६ बंगले महापालिकेने पाडले, तेव्हा लोकांची आयुष्यभराची कमाई गेली. रेषा होती तेव्हाच ती पाळली असती तर एकही घर उभं राहिलं नसतं आणि एकही पडलं नसतं.

म्हणून क्लब हाऊस हे महापालिकेच्या निवाऱ्याला उत्तर नाही. ते महापालिकेची गाडी येईपर्यंतच्या चार तासांचं उत्तर आहे. १९९५ साली शिकागोत उष्णतेच्या लाटेत ७०० हून अधिक माणसं गेली. समाजशास्त्रज्ञ एरिक क्लिनेनबर्गने नंतर दाखवलं की शेजारशेजारच्या, सारख्याच गरीब वस्त्यांत मृत्यूंचं प्रमाण फार वेगळं होतं. जिथे रस्त्यावर वर्दळ होती, ओळखी होत्या, तिथे माणसं वाचली. सरकारला जाब विचारायचा आणि शेजारचं दारही ठोठवायचं, ही दोन्ही कामं एकाच माणसाला करता येतात.

यंदा मेमध्ये मी ग्रुपवरची यादी घेतली, फावडं खोडलं आणि खाली चार ओळी वाढवल्या. लाल इशारा असेल त्या दिवशी मावशींना सुट्टी, आदल्या रात्रीच फोन करून सांगायचं, पगार कापायचा नाही. मला त्या दिवशी घरून काम करता येतं, त्यांना येत नाही, आणि त्या दिवसाची किंमत दोघांपैकी मला जास्त परवडते. पंपाचा पाइप जूनच्या आधी तपासायचा. नवव्या मजल्यावरची लाइन चालू आहे ना, ते जनरेटर लावून बघायचं. आणि मागच्या खोल्यांतल्या आजींच्या सामानासाठी क्लब हाऊसचं एक कुलपाचं कपाट रिकामं करून त्याची किल्ली त्यांच्याकडेच द्यायची.

कपाटाचा विषय अजून कमिटीकडे आहे.